नऊ कोरे चौकोन

१

नाना जेवणाच्या टेबलाशी बसल्या बसल्या गेले, आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने माझ्या भाचीवर आळ घेतला, की हिनेच त्यांना काहीतरी घालून मारलं.

माझी भाची म्हणजे नानांची सून. घरात तिला सगळे चिऊ म्हणतात. तिची आई, म्हणजे माझी बहीण, चिऊ शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून ती माझ्याकडेच वाढली. आता छत्तिशीची बाई आहे, पण त्या दिवशी एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मला शाळेतून मार खाऊन आलेली पोरगीच दिसली. नवरा म्हणाला होता, वातावरण निवळेपर्यंत मावशीकडे जाऊन राहा. माझा हा जावई म्हणजे देवमाणूस. कुणाला दुखवायचं नाही या नादात बायकोला घराबाहेर काढून मोकळा झाला. सात वर्षांची लेक मात्र त्याने ठेवून घेतली, शाळा बुडते म्हणून.

रविवारी सगळे एकत्र बसणार होते. तोवर नाना कशाने गेले हे नीट सांगता आलं नाही, तर ताई पोलिसांत जाणार, आणि पोर काही चिऊला परत मिळणार नाही, हे जावयाने मला फोनवर सांगितलं, तेही आवाज खाली करून. ताई म्हणजे चिऊची नणंद. तपासायला आता देह उरला नव्हता. दाखल्यावर 'हृदय बंद पडून' एवढंच लिहिलेलं. अहो, शेवटी सगळ्यांचंच हृदय बंद पडतं.

मी तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या औषध विभागात काढली, शेवटची बारा प्रमुख म्हणून. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतल्या चुका पकडणं हे माझं काम. शिकाऊ डॉक्टर मला बघून चळाचळा कापायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. तर बुधवारी दुपारी उठले आणि नानांच्या घरी जाऊन बेल वाजवली.

दार ताईनेच उघडलं. तिने मला बसही म्हटलं नाही. उभ्या उभ्याच तिने मला एकेक गोष्ट ऐकवली. या वर्षात नानांना दोनदा झटका आला होता, हातपाय ताठ, डोळे पांढरे. दोन्ही वेळा इस्पितळात नेलं, तिसऱ्या दिवशी ठणठणीत. घरी आले की महिन्याभरात परत हात थरथर, पायात गोळे, मुंग्या. इस्पितळात बरे आणि घरी आजारी, मग घरी कोण होतं त्यांना औषधं देणारं? तिने हे विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात घेऊन गेली.

फ्रिजच्या दारावर चिऊने केलेला तक्ता लावलेला होता. महिन्याला एक कागद, दिवसाला एक चौकोन, गोळी दिली की बरोबरची खूण. औषधांची नावं कुठेच नव्हती. या घरात गोळ्यांना अवयवांवरून हाक मारायची पद्धत: बीपीची, हाडाची, पोटाची. पाकिटातून काढून सात कप्प्यांच्या डबीत भरल्या, की पाकिटं केराच्या टोपलीत. जुने कागद तिथेच चिमट्याला अडकवलेले होते. ताईने पाच महिन्यांपूर्वीचा कागद ओढून माझ्यासमोर धरला. 'पोटाची' या ओळीत एका ठिकाणी खुणाच नव्हत्या.

मग तिने एक पत्र्याची लहान डबी टेबलावर आदळली. चिऊच्या कपाटात, साड्यांच्या मागे सापडली होती. आत पिवळ्या गोळ्या, वर नाव ना गाव.

"औषध बंद केलं आणि त्याच्या जागी हे घातलं," ताई म्हणाली. "सांगा, तुम्ही मोठ्या जाणकार ना?"

मी तक्ता दोनदा मोजला. कोरे चौकोन नऊ होते. डबीतल्या गोळ्याही नऊच होत्या.

२

गोळी मी बघताक्षणी ओळखली. विषबिष काही नाही. पोटातलं आम्ल कमी करणारी रोजची गोळी, जगात कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. म्हणजे विषाचा प्रश्न मिटला, पण चिऊने सासऱ्याचं औषध नऊ दिवस लपवून ठेवलं होतं हे उलट पक्कंच झालं. घरी येऊन मी डबी तिच्यापुढे ठेवली आणि सरळ विचारलं.

तिने काही आढेवेढे घेतले नाहीत. सासूबाई गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी नानांच्या गोळ्यांचं काम तिच्याकडे आलं. पाच महिन्यांपूर्वी नानांची जुनी फाइल आवरताना तिला सहा वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी सापडली. पोटात व्रण झाला होता तेव्हाची. त्यावर ही गोळी लिहिलेली, आणि पुढे स्वच्छ अक्षरात: आठ आठवडे. चिऊने हिशेब केला, सहा वर्षं झाली. मग तिने गोळी बंद केली. टाकून द्यायला जीव होईना म्हणून डबीत ठेवत गेली.

"मग परत सुरू का केलीस?"

चौथ्या दिवसापासून नानांच्या छातीत आग आग होऊ लागली होती. रात्री झोप नाही, आंबट ढेकर, घशापर्यंत जळजळ. म्हातारा माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. ताई रविवारी आली, तिने हे पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. नवव्या दिवशी चिऊच्या मनाचा धीर सुटला.

हे असं का झालं ते मला लगेच कळलं. पोटाच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. पातळ पांढरं औषध घेतो ना आपण, ते फक्त तयार झालेलं आम्ल मारतं. दुसऱ्या जातीच्या गोळ्या आम्ल सोडायचा निरोपच पोचू देत नाहीत. ही तिसरी जात पंपच बंद पाडते, म्हणून ती सकाळी उपाशीपोटी, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, पंप सुरू व्हायच्या बेतात असताना. पण शरीर गप्प बसत नाही. आम्ल का येत नाही म्हणून ते ओरडत राहतं, आम्ल करणाऱ्या पेशी वाढवत राहतं. वर्षांनुवर्षं घेतलेली गोळी एका दिवसात बंद केली, की ते सगळे पंप एकदम सुटतात. माणसाला वाटतं, बघा, गोळीवाचून माझं चालतच नाही. खरं तर गोळीनेच ही सवय लावलेली असते. ती हळूहळू उतरवावी लागते, एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. बिचाऱ्या चिऊला हे कोण सांगणार?

"सुरू कर असं तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"विचारलं एका माणसाला."

"कुणाला?"

ती उठून खिडकीशी गेली. म्हणाली, ते सोड ना मावशी, त्याने काय फरक पडतो. मी चिडले. म्हटलं, पोर तिकडे अडकून पडलीय आणि तुला फरक पडत नाही? तरी ती बोलेना. लहानपणापासून ही पोरगी माझ्याशी खोटं बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा कुणाला तरी पाठीशी घालत होती.

३

गुरुवारी सकाळी ताई स्वतः माझ्या दारात आली. मला वाटलं भांडायला आली असेल. तिच्या हातात एक जाड वही होती.

नाना घड्याळजी होते. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी ओळखीपाळखीची घड्याळं घरी यायची आणि नाना खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसायचे. प्रत्येक घड्याळाची नोंद वहीत: तारीख, कुणाचं, काय बिघडलं, काय केलं. अक्षर मुंगीएवढं आणि ओळीत. ताईने वही उघडून माझ्यासमोर ठेवली, आणि मला दिसलं की गेल्या दीड वर्षातलं अक्षर पार बिघडलंय. रेघा नागमोडी, काही शब्द तर वाचताच येईनात. चार-चार दिवस नोंदच नाही.

"हिच्या हातात गोळ्या गेल्या आणि माझ्या बापाचे हात गेले," ताई म्हणाली. मग ती बसली, न सांगताच. दर रविवारी ती यायची. शेवटचे काही महिने नानांना चिमट्याने स्क्रू उचलता येत नव्हता. तिच्यासमोर तो खाली पडायचा आणि ते म्हणायचे, डोळे गेले गं माझे. डोळे गेले नव्हते, हात गेले होते, आणि ते त्यांना माहीत होतं. ताई मला मनातून मुळीच आवडत नव्हती. पण तिचं दुःख खरं होतं, आणि खऱ्या दुःखाला कुणीतरी गुन्हेगार लागतोच.

वही मी ठेवून घेतली. ती गेल्यावर चष्मा पुसला आणि शेवटचं दीड वर्ष पानापानाने बघितलं.

सगळंच वाकडं नव्हतं. मधे तीन ठिकाणी अक्षर सरळ झालं होतं. पहिल्या जागी आठवडाभर, आणि तारीख पहिल्या झटक्यानंतर इस्पितळातून घरी आल्याची. दुसरी जागा दुसऱ्या वेळी घरी आल्यानंतरची. इथपर्यंत ताईचं म्हणणं बरोबर होतं: इस्पितळात बरे व्हायचे, घरी आले की उतरती कळा.

तिसरी जागा मात्र इस्पितळाशी जुळत नव्हती. तेव्हा नाना घरीच होते, चिऊच्या हातचं खात होते, तिच्या हातच्या गोळ्या घेत होते. छातीत आग होत होती, झोप नव्हती, आणि तरीही त्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी एक बायकी मनगटी घड्याळ पूर्ण उघडून परत जोडलं होतं. नोंद इतकी सुबक की छापल्यासारखी वाटावी. तारखा मी तक्त्यावरच्या तारखांशी लावून पाहिल्या.

नऊ कोऱ्या चौकोनांचे दिवस तेच होते.

४

आता प्रश्न एवढाच उरला: इस्पितळात असं काय मिळालं, जे घरी ती गोळी बंद केल्यावरही मिळालं?

जावयाकडून इस्पितळाचे कागद मागवले. तो ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन देऊन गेला, थांबला नाही. मला इस्पितळाचे कागद वाचायची सवय आहे. पुढचं छापील पान कुणीही वाचतं, मी मागून वाचते, रक्ततपासणीपासून. पहिल्या भरतीच्या कागदात एका आकड्याभोवती कुणीतरी पेनाने गोल केला होता. मॅग्नेशियम, जेवढं हवं त्याच्या निम्म्याहून कमी. शेजारी लिहिलेलं: सलाइनमधून द्या. दुसऱ्या भरतीतही तेच, फक्त गोल करणारं पेन वेगळं. आणि दोन्ही वेळा घरी सोडतानाच्या कागदावर या आकड्याबद्दल एक अक्षर नाही. तिथे शेवटी नेहमीसारखं: आधीची औषधं, चालू.

मी कागद खाली ठेवले.

मॅग्नेशियम हा शरीरातला एक क्षार. स्नायू आणि हृदय त्याच्यावर चालतात. तो कमी झाला की हात थरथरतात, पायात गोळे येतात, मुंग्या येतात, झटके येतात, आणि एखाद्या दिवशी हृदयाचा ठोका चुकतो तो परत सापडत नाही. आपण जेवतो त्यातून आतडं तो उचलतं. आम्लाचे पंप बंद पाडणारी ही गोळी वर्षांनुवर्षं घेतली, तर काही माणसांच्या आतड्याला तो उचलताच येत नाही. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याला वरून कितीही द्या, गोळी थांबेपर्यंत भरून निघत नाही. त्यात नानांची 'बीपीची' म्हणजे लघवी जास्त करवणारी होती. जो थोडाफार क्षार आत जायचा तो ती बाहेर काढायची. इस्पितळाने शिरेतून भरला, आठवडाभर हात सरळ. चिऊने गोळी थांबवली, आतडं आपलं आपण कामाला लागलं, हात पुन्हा सरळ.

संध्याकाळी मी त्यांच्या घरच्या डॉक्टरकडे गेले. त्याने माझ्यासमोर नानांची फाइल उघडली आणि मी म्हटलं, सहा वर्षांत ही गोळी कुणी लिहिली ते दाखवा. त्याने पानं उलटली. प्रत्येक पानावर त्याच्या हातचं एकच वाक्य: आधीचं चालू ठेवा. सुरू दुसऱ्याने केली होती, त्याने फक्त थांबवली नव्हती. मग मी मनगटाचं विचारलं. तीन वर्षांपूर्वी नाना न्हाणीघरात जरासे घसरले आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ होणं हेही या गोळीच्या लांबच्या वापरात दिसतं. डॉक्टरने त्यावर कॅल्शियम दिलं होतं, आणि नेमकं असं, जे अंगी लागायला पोटात आम्ल लागतं.

"अहो, ती गोळी सगळेच घेतात," तो म्हणाला. "नुसत्या पोटाच्या गोळीचं कोण विचारतं? तुम्ही तरी विचारलं असतं का?"

त्याचा मला भयंकर राग आला, आणि मी त्याला चार शब्द चांगले सुनावले. कुणी विचारत नाही, म्हणूनच घरचेही सांगत नाहीत. इस्पितळात औषधांची यादी विचारली तेव्हा जावयाने बीपीची आणि हाडाची सांगितली होती. पोटाची त्याने औषधात धरलीच नव्हती.

जाता जाता मी विचारलं, पाच महिन्यांपूर्वी चिऊने तुम्हाला फोन केला होता का, गोळी परत सुरू करायला? तो म्हणाला, तो महिनाभर परगावी होता, मुलीच्या बाळंतपणाला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं, तर त्याला तो दिवस आठवत होता. चिऊ नेहमीच्या दुप्पट गोळ्या घेऊन गेली होती, कारण आता रोज दोनदा द्यायच्या होत्या. त्यानेच तिला हटकलं, डॉक्टरला विचारलंत का म्हणून. तेव्हा ती हसून म्हणाली, घरच्याच माणसाला विचारलंय, आता काळजी नाही.

५

घरचं माणूस म्हणजे दुसरा कोण? नवरा. म्हणूनच ही तोंड उघडत नव्हती. शनिवारी सकाळी मी जावयाला बागेतल्या बाकावर बोलावलं, चिऊला कळू न देता.

मी त्याला बसायलाही नीट वेळ दिला नाही. सगळं सांगितलं. पहिल्या आठ आठवड्यांनंतर सहा वर्षं कुणाचंच लक्ष नव्हतं, तो दोष वाटून घेता येईल. पण ज्याने ती परत सुरू करायला लावली, आणि दिवसातून दोनदा द्यायला लावली, त्याने नानांना शेवटच्या पायरीवरून ढकललं. ती बंद राहिली असती तर आज नाना खिडकीशी बसलेले असते. आणि बायको तुला वाचवायला तोंड शिवून बसलीय आणि तू मजेत घरी बसलायस, असंही बोलले. मला बोलायला लागल्यावर थांबता येत नाही.

तो गोंधळला. मग म्हणाला, "मावशी, मला कुठे कळतं त्यातलं? मी तिला म्हटलं, तुझ्या मावशीला विचार."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

तो म्हणाला, तिने माझ्यासमोरच लावला होता ना तुम्हाला फोन.

मला आठवेना. घरी येईपर्यंत आठवेना. मग त्या आठवड्यातले माझे कागद चाळताना डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद हाती आला, त्यावरची तारीख पाहिली आणि सगळं आठवलं. मी डोळे तपासायला गेले होते. थेंब घालून, डोळे मिटून बाहेरच्या खुर्चीवर बसले होते. फोन वाजला, चाचपडत उचलला. चिऊ म्हणाली, नानांच्या छातीत फार जळजळ होतेय, पोटाची गोळी मी बंद केली होती. मी म्हटलं, अगं वेडे, बंद कशाला केलीस? पाण्यासारखी गोळी ती. सुरू कर, दोनदा दे, थांबेल. तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला आणि मी फोन ठेवला.

का बंद केलीस, हे मी विचारलं नाही. किती वर्षं चालू होती, हे विचारलं नाही. सोबत आणखी काय चालू आहे, हे विचारलं नाही. हे तीन प्रश्न मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी घोकून घेत असे. आणि दोनदा दे म्हणाले, ते किती दिवस, हेही सांगितलं नाही. चिऊने मावशीचा शब्द प्रमाण मानून नाना जाईपर्यंत रोज दोनदा दिली.

तपास संपला होता. गुन्हेगार माझ्याच खुर्चीत बसला होता.

६

रविवारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: ताई, तिचा नवरा, जावई, चिऊ आणि मी. पोरीला शेजारी खेळायला पाठवलं होतं. चिऊ दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, पाहुण्यासारखी, स्वतःच्या घरात.

मी टेबलावर आधी वही ठेवली, मग तक्ता, मग इस्पितळाचे कागद. ताईला शेजारी बसवलं आणि तिच्याच बोटाने तारखा जुळवून घेतल्या. ती हुशार बाई आहे. दुसऱ्या जागेपर्यंत तिचं बोट रागाने फिरत होतं, तिसऱ्या जागेवर थांबलं. मी पंप सांगितले, क्षार सांगितला, आठ आठवड्यांची चिठ्ठी दाखवली. हेही सांगितलं की कोर्टात सिद्ध करता येईल असं माझ्याकडे काही नाही. पण दीड वर्षात नानांचे हात घरच्या घरी एकदाच बरे झाले होते, आणि ते चिऊने बरे केले होते.

मग ताईने विचारलं, "मग परत सुरू कुणी करायला लावली?"

"कुणी नाही, माझी मीच केली," चिऊ पटकन म्हणाली. आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि तेही तिला धड बोलता आलं नाही.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "हिने मला फोन केला होता. मी काही न विचारता सांगितलं, सुरू कर, दोनदा दे. तीस वर्षं हेच काम केलेल्या बाईने सांगितलं म्हणून हिने ऐकलं. तक्रार द्यायची असेल तर माझ्या नावाने द्या. मी लिहून आणलंय, खाली सही आहे."

ताईने कागद घेतला, वाचला, घडी घातली. मला वाटलं आता ती माझ्यावर तुटून पडेल. मी तयारीने गेले होते, मला ते हवंच होतं. तिने फक्त विचारलं, जाताना त्यांना दुखलं असेल का हो? मी म्हटलं, नसेल, ते फार पटकन होतं. हे मला माहीत असलेलं खरं होतं, एवढंच मला तिला देता आलं. मग ती उठली, चिऊसमोर जाऊन उभी राहिली, पण माफी तिच्या तोंडून निघेना. शेवटी म्हणाली, पोरीला बोलावून आण, जेवायची वेळ झाली. चिऊ गेली आणि पोरीला कडेवर घेऊनच आली. सात वर्षांची घोडी, पाय खाली लोंबत होते, तरी खाली उतरेना.

मला कुणी जेवायला थांब म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. चिऊ जिन्यापर्यंत सोडायला आली. मी चपला घालता घालता तिला म्हटलं, वेडे, चार दिवस माझं नाव का नाही घेतलंस? मला वाचवायला पोटच्या पोरीला पणाला लावलंस?

"तुला वाचवायला नाही, मावशी," ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती, दमलेली होती. "मला आई नाही. काही झालं की मी तुला विचारते, आणि तू सांगितलंस की मला रात्री झोप लागते. तुझंही चुकतं हे एकदा सगळ्यांसमोर ठरलं, की मग मी कुणाला विचारायचं?"

आतून पोरीने हाक मारली, आणि चिऊने दार लावून घेतलं, हळूच.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. ताईने तक्रार दिली नाही, ना चिऊच्या नावाने, ना माझ्या. मध्यंतरी पोरीला ताप येऊन गेला म्हणे, चांगला चार दिवस. मला ते जावयाकडून कळलं, उतरल्यावर.